स्वेटर घाला म्हणे! उणे ३० ला स्वेटर घालून उभे राहून दाखवा

काल परत एकाने विचारलं, फेब्रुवारीत कॅनडाचं तिकीट स्वस्त मिळतंय, आईबाबांना पाठवू का. डोकंच फिरलं माझं. अरे बाबांनो, फेब्रुवारीत तिकीट स्वस्त का मिळतं याचा जरा तरी विचार करा की! नाताळची गर्दी ओसरलेली असते आणि तिथे राहणारेच लोक रजा काढून मेक्सिको नाहीतर फ्लोरिडाला पळत असतात. ते जिथून पळतात तिथे आमचे गोव्यातले एजंट फोंड्याच्या, डिचोलीच्या म्हाताऱ्या माणसांना पाठवतात, वर "स्वेटर घाला, मस्त स्नो बघायला मिळेल" हे आहेच.

माझा दादा कॅनडात, अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनला असतो, आईला घेऊन मी गेले होते. एजंटाने व्हिसासाठी बँक स्टेटमेंट मागितलं, दादाचं इन्व्हिटेशन लेटर मागितलं, बायोमेट्रिक्स म्हणजे बोटांचे ठसे वगैरे करून घेतले, फोटोचा साइज चुकला म्हणून दोनदा फोन केला. पण सत्तरी ओलांडलेली बाई जानेवारीत उणे ३० ला काय घालणार, याबद्दल अवाक्षर नाही. मी होऊन विचारलं तर म्हणाला, "थर्मल घ्या, वर एक जॅकेट, झालं." झालं? पणजीत जानेवारीच्या पहाटे २० डिग्री झालं की आम्ही कपाटातून कानटोपी बाहेर काढतो, बाटलीतलं खोबरेल थिजलं की थंडी पडली म्हणतो. आम्हाला "झालं" म्हणून कसं चालेल?

आणि ते जॅकेट! म्हापशाच्या एका दुकानात घेतलं, आत लेबल शिवलेलं, "उणे २०". कोणी तपासलं हो ते उणे २०? डोक्यावर पंखा गरगरतोय, दुकानदार घामाने भिजलाय आणि मला सांगतोय की मॅडम यात बर्फात झोपलात तरी चालेल. चेनच्या मागे वारा अडवायला साधी पट्टीसुद्धा नव्हती, तिथे पहिल्याच दिवशी वारा चेनीतून थेट छातीला लागला. हातमोजे लोकरीचे, विणलेले, छान दिसणारे, भोकाभोकाचे. तिथल्या माणसांच्या हातात बघा, जाड मिटन्स असतात, चारही बोटं एकत्र राहतात म्हणून एकमेकांच्या उबेने गरम राहतात. हे इथल्या एकाही दुकानात मला कोणी सांगितलं नाही, मिटन्स ठेवतच नाहीत तर सांगणार काय.

सुती कपड्यांचं तर विचारूच नका. आमच्याकडे आतून सुतीच घालायचं हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. आईने थर्मलच्या आत सुती, पायात सुती मोजे. घरात हीटर, २१ डिग्री, त्यात हे सगळं अंगावर चढवून दादा गाडी काढेपर्यंत थांबायचं म्हणजे घाम येतोच. सुती कापड तो घाम धरून ठेवतं, ते ओलं कापड अंगाला चिकटलेलं घेऊन बाहेर पडलं की थंडी दुप्पट लागते. आत लोकर किंवा घाम बाहेर टाकणारं कापड हवं, मध्ये ऊब धरणारं आणि सगळ्यात वर वारा अडवणारं. साधे तीन थर, एका कागदावर मावतील एवढी माहिती, पण द्यायला कोणाला वेळ नाही.

मग व्हायचं तेच झालं. ग्रोसरीच्या दुकानातून पार्किंगपर्यंत चालत आलो, अंतर म्हणाल तर आमच्या अंगणाएवढं. वारा सुटलेला. गाडीत बसल्यावर आई म्हणाली, बोटं माझी नाहीतच असं वाटतंय गो. हातमोजा काढला तर करंगळी आणि शेजारचं बोट पांढरंफटक, मेणासारखं, चिमटा काढला तरी कळेना. दादाने घरी आणून कोमट पाण्यात हात धरले आणि रंग परत यायला लागला तसं ते दुखणं असं सुरू झालं की आई, जी कधी रडत नाही, ती रडली. आणि त्याच वेळी गोव्याहून मावशीचा फोन, "खोबरेल लाव आणि जोरात चोळ, नाहीतर शेगडीवर शेक." नाही! चोळायचं नाही, आत इजा होते. शेकायचंही नाही, बधिर बोटाला चटका कळत नाही. माझा त्या दिवशी एवढा संताप झाला होता की मावशीवरच ओरडले.

ही काही माझी एकटीची रडकथा नाही. कॅनडाचं हवामान खातं स्वतः सांगतं, वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी धरून तापमान उणे २८ च्या खाली गेलं की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत. जानेवारी २०२४ मध्ये अल्बर्टात एवढी थंडी पडली की वीज कमी पडायला लागली, सरकारने लोकांच्या मोबाईलवर अलर्ट पाठवला, नको ते दिवे बंद करा म्हणून. आणि जानेवारी २०२२ मध्ये कॅनडाच्याच मॅनिटोबा प्रांतात अमेरिकेच्या सीमेपाशी गुजरातचं अख्खं कुटुंब थंडीत गोठून गेलं, आईबाप आणि दोन पोरं, धाकटा तीन वर्षांचा. त्यांना त्या रात्री चालत सीमेपलीकडे पाठवणारी माणसं काय म्हणाली असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

"मनालीला गेलेलो की आम्ही, एवढं काय!" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना तर हात जोडते. मनालीत दोन दिवस फोटो काढणं वेगळं आणि महिनोन्महिने घरात कोंडून घेणं वेगळं. दादा-वहिनी कामावर, डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आसपास मावळतो. फुटपाथवर काचेसारखा बर्फ, दिसतसुद्धा नाही, त्यावर या वयात पडली तर कंबरेचं हाड गेलंच. घरातली हवा इतकी कोरडी की आईच्या नाकातून रक्त यायचं, नळाला हात लावला की करंट बसायचा. रोज संध्याकाळी देवळात चालत जाणारी बाई, ती खिडकीला नाक लावून बसायची आणि विचारायची, बाहेर आज जरा कमी आहे का गो?

"तिथे राहतात ना माणसं" हे पण ऐकलं. राहतात, कारण गाडीचं इंजिन गारठू नये म्हणून त्याचा हीटर रात्रभर प्लगला लावलेला असतो, बुटांना पकड असते, कुठला वारा कधी येणार हे सकाळी बघूनच ते बाहेर पडतात. लहानपणापासून शिकलेत ते. आमच्या आईला कोणी शिकवलं?

आईवडिलांना पाठवायचंच असेल तर जूनमध्ये पाठवा. रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हातारी माणसं बागेत जाऊन बसतात, शेजाऱ्यांशी हातवारे करून का होईना बोलतात. तिकीट महाग पडतं, पडू दे. एजंट म्हणेल सीझन आहे, नंतर बघू. त्याचं ऐकू नका, पैसे साठवा आणि थांबा. दादाला मी स्पष्ट सांगून ठेवलंय, आई यापुढे हिवाळ्यात तिकडे येणार नाही, भेटायचं असेल तर रजा काढून तू ये गोव्याला.