नाच परदेशी गेला की नकली होतो?

मेक्सिकन नृत्यमंडळाचा व्हिडिओ फिरू लागला की त्याखाली एक ठरलेलं मत हमखास येतं. मंडळ लॉस एंजेलिसचं असो की शिकागोचं, घोळदार घागरे गरगरले आणि मोठ्या टोप्या हवेत गेल्या की कुणीतरी लिहितंच: "हे सगळं पाहुण्यांसाठी रंगवलेलं. खरं मेक्सिकन लोकनृत्य मेक्सिकोच्या खेड्यांत आहे, हजारो वर्षं जसंच्या तसं. परदेशात त्याचा नुसता देखावा उरतो. तिथं जन्मलेल्या, धड स्पॅनिशही न येणाऱ्या पोरांना त्यातलं काय कळणार?" आपल्याकडच्या फॉरवर्डात याला एक शेपूटही असतं: "आणि तो घागरा तर आपल्याच राजकन्येनं तिकडे नेला."

मत वजनदार वाटतं, कारण अस्सलपणाची बाजू घेणाऱ्याला सहसा कुणी उलटून विचारत नाही. म्हणून विचारू.

पहिलं, "हजारो वर्षं जसंच्या तसं." मेक्सिकोचा सर्वांत ओळखीचा नाच म्हणजे हाराबे तापातिओ. जमिनीवर टोपी टाकायची आणि जोडीनं तिच्याभोवती टाचांचा ठेका धरायचा, तोच तो. हाराबेची मुळं स्पॅनिश वसाहतकाळातली आहेत. 1802 मध्ये व्हाइसरॉय मार्किना यानं 'हाराबे गातुनो' नावाच्या त्याच्या एका चावट भावंडावर बंदी घातली होती. (सरकारी बंदीमुळे नाच मेल्याचं उदाहरण मला तरी आठवत नाही.) मात्र या नाचाला देशाचा नाच म्हणून मान मिळाला तो 1910 च्या मेक्सिकन क्रांतीनंतर, आणि त्यात एका रशियन बाईचा हात आहे. 1919 मध्ये प्रसिद्ध बॅले नर्तकी आना पाव्हलोव्हा मेक्सिको शहरात आली. तिनं तिथं 'फांतासिया मेहिकाना' सादर केलं आणि त्यात हाराबे चक्क बॅलेच्या बुटांत, पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी राहून नाचली. तोवर ज्या नाचाकडे शहरी उच्चभ्रू नाक मुरडून पाहत होते, तोच नाच त्यांना एकदम देखणा वाटू लागला. दोनच वर्षांनी नवं शिक्षण मंत्रालय स्थापन झालं. त्याचे प्रमुख होसे वास्कोन्सेलोस यांना भाषा, वंश, प्रांत यांत विखुरलेला देश एकत्र बांधायचा होता. हाराबे शाळाशाळांतून शिकवला जाऊ लागला. 1923 पासून 'सांस्कृतिक मोहिमां'चे शिक्षक खेडोपाडी जाऊन तिथले नाच टिपून आणू लागले आणि तेच नाच दुसऱ्या प्रांतांतल्या मुलांना शिकवू लागले. वर्गात शिकवायचं तर पदन्यास ठरवावे लागतात, क्रम लावावा लागतो, लांबी आवरावी लागते. आज ज्याला आपण परंपरा म्हणतो, तिची घडी अशी वर्गात बसली.

बाकीच्या नाचांचंही वय पाहा. उत्तरेकडच्या राज्यांतले पोल्का आणि चोतिस एकोणिसाव्या शतकात युरोपातून आले. पॅसिफिक किनाऱ्यावरची चिलेना चिलीच्या क्वेका नाचातून निघाली. ती आणली खलाशांनी. वेराक्रूझच्या फांदांगोत, म्हणजे गाण्या-नाचाच्या सार्वजनिक मेळ्यात, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचा ताल आहे. आणि 'फ्लोर दे पिन्या'? वाहाका राज्यातल्या तुश्तेपेककडच्या मुली भरतकामाचे उइपिल (सैलसर पारंपरिक झगे) घालून, खांद्यावर अननस घेऊन एका ओळीत नाचतात. पाहणाऱ्याला वाटावं, हा कोलंबसाच्याही आधीचा कापणीचा विधी असणार. तो 1958 साली पाउलिना सोलिस या शिक्षिकेनं बसवला. राज्याच्या गेलागेत्सा उत्सवात त्या भागाचं स्वतःचं असं काहीतरी हवं, अशी राज्यपालांची इच्छा होती. खुद्द गेलागेत्साचं आजचं रूपही 1932 च्या एका सरकारी सोहळ्यातून आलेलं. म्हणून वाहाकाच्या बायका तो नाच कमी जिव्हाळ्यानं नाचतात असं मुळीच नाही. पण 'जसंच्या तसं' हे शब्द इथं लागू पडत नाहीत.

आता शेपटाकडे. हिंदुस्थानातून पळवून नेलेली एक मुलगी मेक्सिकोत पोचली, एवढा भाग खरा आहे. पोर्तुगीजांच्या हाती सापडलेली ही मिर्रा मनिलामार्गे गलबतानं सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू स्पेनमध्ये आली, पुएब्ला शहरात गुलाम म्हणून राहिली, कातारिना दे सान हुआन या नावानं ओळखली गेली आणि 1688 मध्ये वारली. राजघराण्यातल्या जन्माची कथा तिच्या चरित्रकारांनी सांगितलेली आहे. ही चरित्रं साक्षात्कारांनी इतकी खच्चून भरली होती, की जेझुइट पाद्री आलोन्सो रामोस याच्या तीन खंडांवर पुढे इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, बंदी आणली. घागऱ्याचं मात्र त्यात काही बसत नाही. कातारिना विरक्त बाई होती आणि साध्या, गडद कपड्यांत राहायची. हाराबेत दिसतो तो टिकल्यांचा घागरा, भरतकामाची चोळी आणि रेबोसो (लांब शाल) हा पोशाख एकोणिसाव्या शतकातल्या शहरी, कष्टकरी, ठसकेबाज बायकांचा. म्हणजे कातारिना मृत्यू पावून शतकाहून अधिक काळ लोटल्यावरचा. त्या बायका आणि ही साध्वी दोघींनाही 'चिना पोब्लाना' म्हणत, आणि मागाहून लोकांनी दोन्ही गोष्टी एकत्र शिवून टाकल्या. आपल्याला हे शिवणकाम गोड वाटतं, हा काही पुरावा नव्हे.

तिसरा मुद्दा असा, की परदेशात गेल्यामुळे नाचाचा देखावा झाला. देखावा झाला हे मला मान्य आहे. पण तो कुठं झाला? मेक्सिको शहराच्या मधोमध. आमालिया एर्नांदेस यांनी 1952 मध्ये आठ नर्तकांना घेऊन कंपनी काढली. तीच पुढे बॅले फोल्क्लोरिको दे मेहिको म्हणून जगभर गाजली. बाईंचं शिक्षण बॅले आणि आधुनिक नृत्यातलं. त्यांनी खेड्यातले नाच घेतले, रात्रभर चालणारं काही मिनिटांत बसवलं, नर्तकांची संख्या वाढवली, प्रकाशयोजना केली, रांगा सरळ केल्या. 1959 मध्ये शिकागोच्या पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धेच्या निमित्तानं कंपनीनं देशाचं प्रतिनिधित्व केलं, त्याच वर्षी बेयास आर्तेस या राष्ट्रीय कलामंदिरात तिचे नियमित प्रयोग सुरू झाले आणि 1961 मध्ये पॅरिसच्या महोत्सवात तिनं पारितोषिक घेतलं. फ्लोर दे पिन्या हा 'खेड्यातला' नाच या कंपनीपेक्षा सहा वर्षांनी धाकटा आहे, हे जाता जाता लक्षात घ्या. आमालियांच्या शैलीवर मेक्सिकोतच कडाडून टीका झाली. नाच प्रांतांचे राहिले नाहीत, आमालियांचे झाले, असं म्हणणारे तिथलेच शिक्षक आणि नर्तक होते. हा वाद खरा आहे, महत्त्वाचाही आहे. फक्त तो मेक्सिको विरुद्ध परदेश असा कधीच नव्हता. प्रेक्षकांसाठीचा नाच आणि आपल्या माणसांसाठीचा नाच, असा तो आहे आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना दोन्ही प्रकार सापडतात.

याचा सर्वांत सणसणीत दाखला म्हणजे हरणाचा नाच. आमालियांच्या कार्यक्रमात तो एकट्या नर्तकाचा, उड्या आणि थरथरीचा, हरीण कोसळेपर्यंतचा. पाहताना श्वास अडकतो, यात शंका नाही. वायव्य मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातल्या याकी या मूळनिवासी लोकांत मात्र हरीण एकटं येत नाही. सोबत मुखवटा घालणारे पास्कोला नर्तक असतात, पाण्यात पालथा तरंगणारा भोपळ्याचा ढोल असतो, खाचा पाडलेल्या काठ्या घासणारे गायक असतात आणि याकी भाषेतली हरणाची गाणी रात्र सरेपर्यंत चालतात. आता हे मेक्सिकोबाहेर कुठं होतं? ॲरिझोनात. क्रांतीपूर्वीचा हुकूमशहा पोर्फिरिओ दिआस याच्या राजवटीत याकींची धरपकड झाली, त्यांना दूर युकातानच्या मळ्यांवर वेठीला पाठवलं गेलं, तेव्हा अनेक कुटुंबं उत्तरेकडे पळाली आणि टूसॉनजवळच्या पास्कुआसारख्या वस्त्यांत स्थिरावली. ईस्टरचे विधी ते तिथं शतकाहून जास्त काळ करत आले आहेत, हरणासकट. 1978 मध्ये अमेरिकी सरकारनं त्यांना जमात म्हणून मान्यता दिली. त्या विधींचे फोटो काढू देत नाहीत, चित्रीकरणही नाही. म्हणजे हरणाच्या नाचाचा देखावा राजधानीच्या कलामंदिरात तिकीट लावून होतो आणि त्याचं व्रत 'परदेशात' पाळलं जातं. शिवाय परदेश तरी कसला? टूसॉन 1850 च्या दशकापर्यंत मेक्सिकोतच होतं. कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यू मेक्सिको यांचीही गोष्ट थोड्याफार फरकानं हीच.

लॉस एंजेलिसच्या वाहाकी वस्तीचंही असंच. तिथं वाहाकातून आलेले झापोटेक या मूळनिवासी समाजाचे गावकरी 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून स्वतःची गेलागेत्सा भरवतात. गावात ज्यांनी पिसांचा नाच म्हणजे 'दान्सा दे ला प्लुमा' केला, त्यांची मुलं तिथं तो करतात. आणि खुद्द वाहाकात? 2006 च्या आंदोलनात शिक्षकांनी सरकारी उत्सवावर तो पर्यटकांच्या घशात गेल्याचा आरोप करून बहिष्कार घातला. सरकारी सोहळा रद्द झाला आणि लोकांनी आपली वेगळी गेलागेत्सा साजरी केली.

राहिली ती तिथं जन्मलेली पोरं. अमेरिकेतल्या गणपतीत ढोल-ताशा वाजवणाऱ्या मराठी मुलांनाही हेच ऐकवतात, म्हणून या वाक्याची मला जरा जास्तच चीड आहे. नैर्ऋत्य अमेरिकेतल्या शाळांत एके काळी स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा व्हायची. ती मुलं मोठी झाल्यावर घरात इंग्रजीच बोलू लागली. नातवंडांना स्पॅनिश येत नाही, याचा जाब त्या नातवंडांना विचारणं क्रूरपणाचं आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस चिकानो चळवळीतल्या, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या हक्कांच्या चळवळीतल्या, तरुणांनी नाच धरला तो याच तुटलेल्या धाग्यासाठी. सान होसेचं लोस लुपेन्योस मंडळ 1969 मध्ये सुझन कॅशन आणि रामोन मोरोनेस यांनी सुरू केलं. त्यातल्या कॅशनबाई तर मेक्सिकन वंशाच्याही नव्हत्या; त्या मेक्सिकोत जाऊन शिकल्या आणि पुढे स्टॅनफर्डमध्ये शिकवू लागल्या. 1970 च्या दशकात मंडळांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या शिबिरांत मेक्सिकोहून गुरुजी बोलावून एकेका प्रांताचे नाच शिकवतात. कुठल्या गावात कुठला पदन्यास, कुठली वेणी, यावर तिथं जेवढा काथ्याकूट होतो, तेवढा व्हिडिओखाली मत टाकणाऱ्यांपैकी कुणी केला असेल असं वाटत नाही.

दाव्यात एक दाणा खरा आहे. वीस मिनिटांत चार प्रांत उरकणारी, मे महिन्याच्या पाच तारखेला, अमेरिकेत मेक्सिकन सण म्हणून साजऱ्या होणाऱ्या दिवशी, बिअरच्या जाहिरातीखाली नाचणारी मंडळं आहेतच. पण अशी मंडळं मेक्सिकोतल्याच कानकून या पर्यटनस्थळाच्या हॉटेलांतही आहेत. उलट 2008 मध्ये तिहुआना आणि सान दिएगो यांच्यामधल्या सरहद्दीच्या कुंपणाशी एक फांदांगो सुरू झाला. अलीकडे एक तारिमा (नाचायचा लाकडी चौथरा), पलीकडे एक, दोन्हींवर पायांचा ठेका आणि मधल्या जाळीतून एकच गाणं. त्यातली नकली बाजू कोणती, ते हा दावा करणाऱ्यांनीच एकदा सांगावं.