काळी एक, बटण ए

मायक्रोकंट्रोलरकडून आवाज काढायला पाच मिनिटं पुरतात. आर्डुइनो नॅनो हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे छोट्या संगणकाची चिप, बसवलेला छोटासा बोर्ड घ्यायचा, त्याची ८ नंबरची पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये पिएझो बझर जोडायचा आणि प्रोग्राममध्ये 'टोन ८, २७७' एवढी एक ओळ लिहायची. झाला काळी एकचा सा सुरू. खरी पंचाईत त्यानंतर. 'नोटोन' ही दुसरी ओळ लिहिली नसेल तर तो सा थांबत नाही. चिपला दम लागत नाही, घसा बसत नाही, समोरच्याचा चेहरा वाचता येत नाही. लोडशेडिंग होईपर्यंत किंवा घरातलं कुणी वायर उपटेपर्यंत षड्जसाधना चालू. अशा चिपपासून घरच्या घरी वाद्य बनवण्याच्या या छंदात आवाज कुणालाही काढता येतो. हवा तोच आवाज, हवा तेव्हाच काढायला मात्र रविवारमागून रविवार जातात.

वाद्याला पट्ट्या म्हणून मी व्हिडिओ गेमचा जुना रिमोट सुचवतो. नव्वदच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत घरोघर चालायचा तो टीव्ही गेम. कॅसेटवर 'नऊ लाख नव्याण्णव हजार गेम' असं छापलेलं असायचं, आत मारिओ आणि त्याचीच रंग बदललेली भावंडं. ही यंत्रं म्हणजे १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला. नक्कल करणाऱ्यांनी रिमोटची भाषाही तशीच उचलली, हे त्यांचे आपल्यावर उपकार. रिमोटवर बटणं किती? वर, खाली, डावं, उजवं, सिलेक्ट, स्टार्ट, बी आणि ए. आठ. सा पासून तार सा पर्यंत स्वर किती? आठ. एवढं जुळून आलेलं बघूनही ज्याचे हात शिवशिवत नाहीत, त्याने हा लेख इथेच सोडलेला बरा.

रिमोट माळ्यावर नसेल तर पुण्यात जुना बाजार आहे. नॅनो, स्पीकर आणि बाकी किडूकमिडूक बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळतं, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड. दुकानदार मान वर न करता "किती पीस?" विचारतो. "एक" म्हटलं की मान वर होते.

रिमोट उघडला की मागचे स्क्रू, रबराचा पॅड, काळ्या कार्बनच्या टिकल्या आणि बोर्डावर डांबराचा थेंब सांडल्यासारखा एक गोळा दिसतो. त्या गोळ्याखाली चिप असते. अस्सल रिमोटमध्ये तिथे ४०२१ नावाचा शिफ्ट रजिस्टर, म्हणजे आठही बटणांची खबर एकाच वायरीवरून एकामागून एक सांगणारी चिप असते, नकलेतला गोळा तेच काम करतो. बाहेर पाच वायरी येतात: ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा. त्यांच्या रंगांवर काडीचाही विश्वास ठेवू नये. लाल वायर ५ व्होल्टची असेलच असं नाही. कारखान्यात त्या दिवशी ज्या रंगाचं रीळ लागलेलं होतं, तो रंग. मल्टिमीटर बीपवर ठेवून सगळ्या बटणांना जोडणारी सामाईक रेघ शोधायची, ती ग्राउंड. मग बाकीच्या. व्होल्ट आणि ग्राउंडची अदलाबदल झाली तर गोळा गरम होतो आणि गुपचूप मरतो. धूर नाही, वास नाही, निरोप नाही.

बटणं वाचण्याची रीत शाळेतल्या हजेरीसारखी आहे. लॅचची वायर १२ मायक्रोसेकंद वर न्यायची, म्हणजे 'जो जिथे आहे तिथेच थांबा'. मग क्लॉकला टिचक्या मारत एकेक नंबर पुकारायचा: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. दाबलेलं बटण शून्य म्हणतं, न दाबलेलं एक. म्हणजे हजर असलेला गप्प बसतो आणि गैरहजर 'हजर' म्हणतो, यात काही नवल नाही. इथे बहुतेकांची एक हमखास गफलत होते. पहिला विद्यार्थी, म्हणजे ए, लॅच खाली येताच उत्तर देऊन मोकळा झालेला असतो. त्याच्यासाठी टिचकी लागत नाही. आधी वाचायचं, मग टिचकी. क्रम उलटा झाला तर ए वर्गातून गायब होतो आणि सगळी रांग एकेक जागा पुढे सरकते. बी दाबलं की ए चा स्वर वाजतो, आणि माणूस तासभर वायरींना दोष देत बसतो.

डेटाची वायर सैल असेल तर मात्र भुताटकीच. कशालाच न जोडलेली पिन हवेतून घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण उचलते. हात जवळ नेला की वाद्य आपोआप वाजू लागतं, लांब नेला की गप्प. पाहुण्यांना दाखवायला चांगलं आहे, वाजवायला नाही. उपाय फुकटचा आहे. पिन नुसती 'इनपुट' न ठेवता 'इनपुट पुलअप' करायची. मग वायर निघाली तरी चिपला सगळे एक दिसतात, म्हणजे कुणीच दाबलेलं नाही.

केबलला सोल्डर लावणं ही स्वतंत्र शिक्षा. जुन्या रिमोटच्या वायरीत नायलॉनचा दोरा असतो आणि त्याभोवती केसासारखी तांब्याची तार, वर वार्निश. आयर्न टेकवला की दोरा वितळतो, तार सुटते आणि सोल्डर मणी होऊन टेबलावर घरंगळतो. २५ वॅटच्या आयर्नच्या टोकावर थेंबभर सोल्डर घ्यायचा आणि तारेचं टोक त्या थेंबात दोन-तीन सेकंद बुडवून धरायचं. वार्निश जळतं, तार चकाकते. मग वाद्याच्या डब्याच्या आतल्या बाजूला केबलला एक गाठ मारायची. गाठ नसेल तर पहिल्याच तानेला जोड तुटतो.

संगणकाला नॅनो दिसत नाही, ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यावर आरती रचायला हरकत नाही. स्वस्त नॅनोवर यूएसबीवरून संगणकाशी बोलणारी सीएच ३४० नावाची चिप असते, तिचा ड्रायव्हर टाकावा लागतो. तो टाकूनही प्रोग्राम चढला नाही तर सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर निवडताना 'ओल्ड बूटलोडर' निवडायचं. तरीही नाही, तर केबल बदलायची. घरातल्या निम्म्या यूएसबी केबली फक्त चार्जिंगपुरत्या असतात, डेटाच्या तारा त्यांत घातलेल्याच नसतात. दिवा लागतो, बोर्ड उबदार होतो, सगळं ठीकठाक वाटतं आणि संगणक म्हणतो कोणीच आलेलं नाही. कामाची केबल सापडली की तिला लाल चिकटपट्टी लावावी आणि घरच्यांपासून लपवून ठेवावी.

आता स्वर. इंटरनेटवरचे तक्ते पाश्चात्त्य समसप्तकाचे, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करणारे असतात, त्यांत काळी एकचा ग ३४९ हर्ट्झ आहे. मोबाइलवर तानपुरा लावून हा ग वाजवा, दाताखाली खडा आल्यासारखं वाटेल. तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गांधार उमटतो तो साच्या सव्वापट, म्हणजे ३४६ आणि थोडा. दोन्ही एकत्र लागले की सेकंदाला अडीच वेळा लहरतात. म्हणून तक्ता बाजूला ठेवून गुणाकार करावा: सा २७७, रे ३१२, ग ३४६, म ३७०, प ४१६, ध ४६२, नी ५२०, तार सा ५५४. 'टोन'ला अपूर्णांक चालत नाहीत, पण ग मध्ये अर्धा हर्ट्झ कमी झाला म्हणून कुणी उठून जात नाही. बोर्डाच्या घड्याळाची गोष्ट वेगळी. स्वस्त बोर्डावर क्वार्ट्झऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो, तो अर्धा टक्का इकडे तिकडे असू शकतो. एकाच दुकानातल्या दोन बोर्डांचा सा एकमेकांशी जुळेलच असं नाही. जुगलबंदीचा बेत असेल तर प्रत्येक बोर्डासाठी साचा आकडा कानाने लावून घ्यावा.

आठ स्वर आठ बटणांवर बसतात खरे, पण अंगठे दोनच. डावीकडच्या अधिकच्या चिन्हाच्या पोटात मध्यभागी एक खुंटी असते, त्यामुळे वर आणि खाली एकदम दाबले जात नाहीत. कोपऱ्यावर मात्र दोन शेजारी एकत्र लागतात, आणि 'टोन' एका वेळी एकच स्वर देतो. 'जो नंतर दाबला तो जिंकला' असा नियम प्रोग्राममध्ये घातला की अंगठा गोल फिरवून ओघवतं वाजतं. माझं मत विचाराल तर सप्तकाचा हट्ट सोडावा आणि पाच स्वरांचा भूप राग घ्यावा. चार दिशांना सा, रे, ग, प आणि ए वर ध. बी धरून ठेवलं की तार, सिलेक्ट धरलं की मंद्र. नकली रिमोटवर टर्बोची दोन जादा बटणं असतात, गोळ्या झाडायची. टर्बो ए धरलं की तो ए स्वतःच भराभर दाबतो आणि सोडतो, त्यामुळे धैवत सतारीवरच्या 'झाला'सारखा तडतडत राहतो. यासाठी एक ओळही लिहावी लागत नाही.

रबराच्या टिकल्या जुन्या असतात. एकदा दाबलं तरी संपर्क काही मिलिसेकंद थरथरतो आणि एका 'रे'चे तीन होतात. दर ५ मिलिसेकंदांनी वाचायचं आणि सलग दोनदा तेच उत्तर आलं तरच मानायचं. सावधपणा म्हणून कुणी दहादा विचारतो, मग बटण दाबल्यावर स्वर रिक्षाने आल्यासारखा येतो. टिकल्या कानकाडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसाव्यात. पॉलिश पेपर लावू नये, कार्बनच निघून जातो. अगदीच गेलेल्या टिकलीवर ६बी पेन्सिल घासली की काही दिवस चालते.

बझरचा आवाज डासासारखा. स्पीकर हवाच, पण ८ ओहमचा स्पीकर सरळ पिनेला लावू नये. हिशेबाने ६२५ मिलिअँपिअर होतात आणि पिनेची कमाल मर्यादा ४० आहे. लावायचाच तर मध्ये १५० ओहमचा रेझिस्टर घालावा. त्यापेक्षा पाम ८४०३ नावाचा नखाएवढा अँप्लिफायर घ्यावा. पिनेतून चौकोनी लहर निघते, ती ऐकून कान किटतात. म्हणून १ किलोओहम आणि १०० नॅनोफॅरडचा फिल्टर, मग १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग १० किलोओहमचा व्हॉल्यूम आणि मग अँप्लिफायर. फिल्टर १६०० हर्ट्झच्या वरचं हळूहळू कापतो. शहनाई होत नाही, पण रुग्णवाहिकाही राहत नाही.

स्वस्त मोबाइल चार्जरवर हे सगळं चालवलं की मागे अखंड घूं. पॉवर बँक लावली की घूं बंद, आणि थोड्या वेळाने वाद्यही बंद. वाद्य इतकं कमी खातं की पॉवर बँकेला वाटतं फोन चार्ज झाला. तिला जागं ठेवायला ५ व्होल्टवर ४७ ओहमचा १ वॅटचा रेझिस्टर आडवा टाकतात. तो काहीही न करता १०० मिलिअँपिअर पितो आणि चटका बसेल इतका तापतो. प्रत्येक कार्यालयात असा एक जण असतो. रेझिस्टर नको असेल तर तीन पेन्सिल सेल नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनेला द्यावेत, मात्र तेव्हा यूएसबी काढून ठेवावी.

एवढं झाल्यावर घरातलं कुणी जाणकार म्हणतंच, "छान आहे, पण मींड?" बटणावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, नाही. त्यासाठी २००६ साली आलेल्या निन्टेंडोच्या 'वी' या गेमयंत्राचा नंचक आणावा लागतो. हातात धरायची मूठ, वर काठी, आत हालचाल ओळखणारा सेन्सर. त्याला ३.३ व्होल्टच द्यायचे, बाकी दोन वायरी नॅनोच्या ए४ आणि ए५ या पिनांना. एकदा विचारलं की सहा बाइट देतो. नकली नंचकला आधी हेक्समध्ये एफ० ५५ आणि मग एफबी ०० असा दुहेरी नमस्कार करावा लागतो, नाहीतर तो एकच उत्तर देत राहतो. काठी कागदावर ० ते २५५ जाते, हातात तितकी जात नाही. आपल्या काठीची टोकं मोजून घ्यावीत. सेन्सरचा आकडा सतत थरथरतो, त्यामुळे सा थंडी वाजल्यासारखा लागतो. जुन्या आकड्याचे सात भाग आणि नव्याचा एक असं मिश्रण केलं की स्वर ठरतो. पंधरास एक केलं तर मींड समेनंतर पोचते.

'टोन'ने मींड घेतली तर पायरीपायरीने खटखट वाजते. त्यापेक्षा मोझी ही आवाजासाठीच्या तयार कोडची लायब्ररी बरी. ती सेकंदाला १६३८४ वेळा लहरीचा ठिपका काढते, आवाज ९ नंबरच्या पिनेतून येतो, फिल्टरला २७० ओहम आणि १०० नॅनोफॅरड. हिच्यात 'डिले', म्हणजे चिपला थांबवून ठेवणारी ओळ, लिहायला सक्त मनाई. नंचकशी 'वायर' नावाच्या नेहमीच्या लायब्ररीने बोलावं तर ती उत्तराची वाट बघत थांबते आणि तेवढ्यात आवाजाला खरखर सुटते. न थांबता बोलायची सोय मोझीच्याच नमुन्यांत दिलेली आहे.

शेवटी हेडफोन. पाम ८४०३ च्या स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात, वजा म्हणजे ग्राउंड नव्हे. हेडफोनच्या सॉकेटमध्ये डाव्या-उजव्याची वजा तार एकच असते, तिथे हे जोडलं की अँप्लिफायर गेला. म्हणून हेडफोनसाठी तार अँप्लिफायरच्या आधी, फिल्टरनंतर काढायची आणि दोन्ही कानांना वेगवेगळा ४७० ओहमचा रेझिस्टर घालायचा. हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नये. या वाद्याला आजवर घरातून जेवढ्या फर्माइशी आल्या, त्यांत रागाचं नाव एकदाही नव्हतं, हेडफोनचं मात्र दर वेळी होतं.