राष्ट्रसंघाकडे सैन्य होतं म्हणे!

भाचीच्या एमपीएससीच्या अभ्यासगटात एक फॉरवर्ड फिरतंय: ‘पहिल्या महायुद्धानंतरचा राष्ट्रसंघ (लीग ऑफ नेशन्स) अमेरिका चालवायची, भारत गुलाम म्हणून बाहेर होता, आणि सैन्य हाताशी असूनही संघाने एकही युद्ध थांबवलं नाही.’ पोरीने ते वहीत उतरवूनही घेतलं. वाचून डोकं फिरलं.

अमेरिका? अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष विल्सन यांनी कल्पना रेटली, खरं आहे. पण संघाची सनद व्हर्सायच्या तहातच होती, आणि त्या तहाच्या मंजुरीला १९ मार्च १९२० ला सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ३५ मतं पडली, लागणाऱ्या दोन-तृतीयांशाला ७ कमी. अमेरिका कधीच सदस्य झाली नाही.

भारत संस्थापक सदस्य होता. व्हर्सायच्या तहावर भारताच्या वतीने ब्रिटिश भारतमंत्री मॉंटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांच्या सह्या आहेत. स्वयंशासनाची अट सनदेच्या कलम १ मध्ये आहे, पण ती नंतर येणाऱ्यांना. तहावर सही करणाऱ्यांना नाही. १९३७ मध्ये तर भारताचे प्रतिनिधी आगाखान संघाच्या आमसभेचे अध्यक्ष होते. मात्र भारताचे प्रतिनिधी इंग्रज सरकारच निवडायचं, एवढं मान्य करावं लागतं.

आता ते सैन्य. सनदेची कलमं २६ आहेत, कलम १६ वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. हल्लेखोराशी व्यापार तोडणं सदस्यांवर बंधनकारक. फौजेबाबत मात्र कुणी किती द्यावी याची परिषदेने, म्हणजे बडी राष्ट्रं आणि काही निवडक सदस्यांच्या मंडळाने, फक्त शिफारस करायची. द्यायची की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं. त्यात कलम ५: निर्णय एकमताने. ऑक्टोबर १९३१ मध्ये चीनच्या मांचुरियातून जपानी फौजांच्या माघारीच्या ठरावाला १३ मतं मिळाली, विरोधात एकट्या जपानचं, ठराव बारगळला.

देशांनी फौज दिली तेव्हा काय झालं, ते सार या जर्मन-फ्रेंच सीमेवरच्या, तेव्हा संघाच्या कारभाराखाली असलेल्या प्रदेशात दिसतं. जर्मनीत जायचं की नाही यावर तिथे १३ जानेवारी १९३५ ला सार्वमत होतं. त्याआधी डिसेंबरमध्ये सुमारे ३,३०० सैनिक उतरले: ब्रिटिश १,५००, इटालियन १,३००, बाकी स्वीडिश आणि डच. फ्रान्स आणि जर्मनी वादातले पक्ष, म्हणून त्यांचा एकही शिपाई नाही. रोजचा बंदोबस्त पोलिसांकडे. पोलिसांच्या हाताबाहेर गेलं तरच फौजेने उतरायचं. मतदान शांततेत पार पडलं. पुढच्या शांतिसेनांची पद्धत इथे आधीच दिसते.

आणि ‘एकही युद्ध नाही’? ऑक्टोबर १९२५ मध्ये ग्रीक फौजा बल्गेरियात पेट्रिचकडे घुसल्या. परिषदेचे अध्यक्ष ब्रियाँ यांनी बैठकीची वाट न बघता दोन्ही सरकारांना तारा केल्या. २६ तारखेला परिषदेने मुदत घातली: २४ तासांत माघारीचे हुकूम, ६० तासांत माघार पूर्ण. खात्री करायला लष्करी अधिकारी जागेवर धाडले. ग्रीस मागे हटला आणि ३ कोटी लेव्हा (बल्गेरियाचं चलन) भरपाईही भरली.

तिथे बड्या राष्ट्रांचं एकमत होतं. १९३५ मध्ये इटलीने अबिसिनियावर (आजचा इथिओपिया) हल्ला केला तेव्हा ते नव्हतं: इटलीवर निर्बंध घातले, पण तेल यादीतून वगळलं आणि सुएझ कालवा उघडा ठेवला. त्या कालव्यातूनच इटलीची जहाजं फौजा घेऊन जात राहिली.