चार मीटरला पाच मिलिमीटर कमी

गाडी मला पाहिजे होती ती शाळेला जायला. बेळगावच्या शहापुरातनं खानापूर, संध्याकाळी परत. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. खानापूर तालुक्यातला पाऊस ज्यानं दुचाकीवर अंगावर घेतलाय, त्याला माझी अडचण वेगळी सांगायला नको. जून ते सप्टेंबर रेनकोट बाहेरून पावसानं भिजतो आणि आतून घामानं. तसंच निथळत वर्गात शिरलं की मागच्या बाकावरनं हमखास प्रश्न येतो, "सर, मलप्रभेतनं आलासा काय?" बसनं जावं तर पिरनवाडीपर्यंत एका पायावर आणि मच्छेच्या पुढं दुसऱ्या पायावर. तेव्हा एक छोटी सेडान घ्यावी, फार गाजावाजा न करता, असं मी मनाशी ठरवलं. मनाशी ठरवलेलं आमच्या घरात रात्रीच्या जेवणापर्यंत टिकत नाही.

"चोर्ला घाट चढंल काय?" आण्णांनी पहिला प्रश्न टाकला.

मी म्हटलं, "आण्णा, खानापूरच्या वाटेवर घाट नाही."

"ते खरं. खरं गोव्याला जाताना?"

गोव्याला आम्ही कधी जातो? कुणी पाहुणा आला आणि त्याला समुद्र दाखवायचाच असला, तर. पण त्या दिवसापासून घरात ज्या गाडीचं नाव निघेल तिला आधी चोर्ला चढून दाखवावा लागला. रोज गाडीत मी एकटा बसणार आहे, ही गोष्ट मी प्रत्येकाला आवर्जून सांगत होतो. सगळे ऐकून घेत, मान डोलावत आणि मग मागच्या सीटवर तिघं आरामात बसतील का, ते विचारत.

सेडानच का, याचं खरं उत्तर डिकी. पुतण्याचं म्हणणं, आता सेडान घेतंय कोण, उंच गाडी घे, रस्ता वरनं दिसतो. रस्ता वरनं बघण्यासारखा असता तर मीही घेतली असती. पण आईनं शेतातला तांदूळ, आत्याच्या घरचे नारळ आणि लग्नाकार्यातली भांडी यांची यादी करून निकाल दिला होता: सामान माणसांच्या मांडीवर येता कामा नये. तेव्हा डिकी वेगळी पाहिजे.

आता या छोट्या सेडानचं मूळ बघायला गेलात तर ते इंजिनिअरच्या डोक्यात नाही, अर्थमंत्र्यांच्या भाषणात सापडतं. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि ठरावीक क्षमतेच्या इंजिनाच्या गाड्यांवरचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६वर आणला. मग कंपन्यांनी टेप हातात घेतली. टाटांनी २००८ मध्ये इंडिगो सीएस आणली, चार मीटरच्या आत बसवलेली पहिली सेडान. मारुतीची डिझायर २००८ मध्ये आली तेव्हा ऐसपैस लांब होती. २०१२ मध्ये तिचीही शेपटी कापली. आज डिझायर घ्या, होंडाची अमेझ घ्या, ह्युंदाईची ऑरा घ्या, लांबी ३९९५ मिलिमीटर. टाटांची टिगोर त्याहून दोन मिलिमीटर आखूड. चार मीटरला पाच मिलिमीटर कमी म्हणजे कायद्याला नमस्कार करून त्याच्या बगलेतनं निसटणं. अबकारी जाऊन जीएसटी आला तरी टेप तीच राहिली: २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि पेट्रोलवर १२०० सीसीपर्यंतची गाडी १८ टक्क्यांत, त्याच्या वरची ४० टक्क्यांत. पाच मिलिमीटरला एवढा भाव सोन्यालाही नसेल.

हे सगळं मी आण्णांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मागनं कापलेली गाडी तू पुरे पैसे मोजून घ्यालास."

केंद्राचा कर झाला की राज्याचा. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या गाडीला आजीवन कर १४ टक्के, वर उपकर वेगळा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११. आठ लाखांची गाडी धरली तर नुसत्या या फरकात चोवीस हजार. आणि महाराष्ट्र आमच्यापासून किती लांब? हिंडलगा सोडलं, सुळगा, उचगाव फाटा, बाची गेलं, की शिनोळी. तिथनं चंदगड तालुका सुरू. चंदगडला आमचे मामा. मामांचा फोन यायला वेळ लागला नाही. "माझा पत्ता लाव, एमएच-०९, कोल्हापूरचं पासिंग करून घे. तुझं पैसे वाचतील आणि गाडी तरी महाराष्ट्रात जाईल."

मामांच्या या शेवटच्या वाक्यावर घरात दोन तट पडले. सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे. आमच्या स्वयंपाकघरात त्याची सुनावणी एका रात्रीत सुरू झाली. आण्णा एमएच-०९च्या बाजूनं, भावनेनं. बायको विरोधात, कायद्यानं. ती म्हणाली, "अहो, दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांच्या वर इथं ठेवली की इथला नंबर घ्यावाच लागतो. मग दोन्हीकडचा कर भरून बसा, आणि मामांकडचा परत मागायला कोल्हापूरच्या आरटीओत खेटे घाला." आण्णा म्हणाले, "आणि बेळगावची केए-२२ घेऊन कोल्हापुरात गेलास तर पोलीस पहिल्यांदा तुलाच थांबवतील." तेही खोटं नाही. इकडं महाराष्ट्राची पाटी आणि तिकडं कर्नाटकाची पाटी, दोन्ही पाट्या चौकातल्या हवालदाराला लांबनं दिसतात. वातावरण तापलेलं असलं की मग पाटीला डांबर फासायला दोन्ही बाजूंना हौशी लोक तयारच. शेवटी मी सीमाप्रश्नावर नेमलेल्या महाजन आयोगाचं काम केलं: दोघांचं ऐकून केए-२२ असा अहवाल दिला. १९६७चा तो अहवाल महाराष्ट्राला मान्य झाला नाही आणि राबवलाही गेला नाही. माझा आण्णांना मान्य झाला नाही, पण राबवला गेला.

मग शोरूम. पहिल्या शोरूमच्या दारात एक पोरगा कानडीत स्वागत करत धावत आला. "बर्री सर, कुंदर्री!" आम्ही बसलो. आमचं आपापसातलं बोलणं ऐकून त्यानं गाडी ताबडतोब मराठीवर घेतली, हे बेळगावच्या शोरूमवाल्यांचं खास कसब. त्यानं सनरूफ दाखवला, मोठा पडदा दाखवला, मोबाईल वायरशिवाय चार्ज होतो ते दाखवलं. आई एवढा वेळ गप्प होती. ती उठली आणि म्हणाली, "डिकी उघड बाळ."

"आज्जी, चारशे लिटरच्या वर हाय बघा."

"लिटर? मला काय दूध घालायचंय?"

पोरगा हसला. आई हसली नाही. तिनं येताना रिक्षातनं एक बुट्टी आणली होती, वेताची, रुंद तोंडाची. लग्नात मांडे याच बुट्टीतनं जातात. बेळगावच्या मांड्याला बोट जोरात लागलं तरी त्याचा चुरा होतो, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. तिनं बुट्टी डिकीत ठेवली. बसली. दोन बोटं जागाही उरली. "लाव," ती म्हणाली. पोरानं झाकण खाली ओढलं आणि आतनं कर्रकन आवाज आला.

झाकण उघडून बघितलं तर डिकीच्या बिजागऱ्यांचे ते वाकडे लोखंडी हात, जे झाकण उघडं असताना वरती निरागस दिसतात, ते झाकण लावताना सरळ आत डिकीत उतरतात. त्यातला एक बुट्टीच्या काठावर बसला होता. काठाची एक वेत तुटून उभी राहिली होती. माहितीपत्रकात लिटर लिहिलेले असतात, हे हात लिहिलेले नसतात. अमेझची डिकी ४१६ लिटर, टिगोरची ४१९, ऑराची ४०२, डिझायरची ३८२, हे आकडे मला तोवर तोंडपाठ झाले होते. त्यातले किती लिटर या बिजागऱ्या पितात, ते विचारायला आईच पाहिजे. तिनं तुटलेली वेत हातानं दाबून बसवली आणि पोराला म्हणाली, "मांडं असतं तर तू भरून दिला असतास?" पुढच्या प्रत्येक शोरूममध्ये ती बुट्टी आमच्याबरोबर आली. तुमची डिकी बघायची असेल तर हीच तऱ्हा वापरा. मोकळी डिकी बघून काहीएक कळत नाही.

सीएनजीचा विषय बुट्टीमुळंच निकालात निघाला. किलोला तेहतीस-चौतीस किलोमीटर हा कंपनीचा आकडा माझ्यासारख्या रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्याला फार गोड लागतो. पण सिलिंडर आडवा पडला की डिकीत उरते ती छत्री ठेवण्यापुरती जागा. टाटांनी २०२३ मध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान खाली दडवायची युक्ती काढली, ती बघून आई थोडी विरघळली. पण शाळेची घंटा पंपावरच्या रांगेसाठी थांबत नाही. पेट्रोलच बरं.

आता पेट्रोल, पण गिअर कुठला? हा प्रश्न शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये कधीच सुटत नाही, कारण ते तुम्हाला सरळ, गुळगुळीत रस्त्यावर नेतात. मी हट्टानं गाडी टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला घेतली. गेट पडलेलं. दोन्ही बाजूंनी दुचाकी रस्ता भरून उभ्या. रेल्वे गेली, गेट उठलं आणि समोरासमोरची दोन सैन्यं एकमेकांत घुसली. इथं एका मिनिटात क्लच किती वेळा दाबावा लागतो त्यावर डाव्या गुडघ्याचं उरलेलं आयुष्य ठरतं. स्वयंचलितमध्येही दोन जाती. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त तुमच्याऐवजी यंत्र क्लच दाबतं, आणि नेमकं आपल्याला घाई असते तेव्हा क्षणभर विचारात पडतं. स्वस्त आहे, मायलेजही पडू देत नाही. सीव्हीटी, म्हणजे पायऱ्यांशिवायचा गिअरबॉक्स, लोण्यासारखी सरकते, पण पैसे जास्त. पुढच्या बाकावर बसलेला पोरगा, म्हणजे विक्रेता, दोन्ही हातांनी वरची कडी धरून म्हणाला, "सर, चला की बायपासला."

एवढं सगळं झाल्यावर मी गेलो वडगावातल्या मेस्त्रीकडं, जिथं पहिल्या दिवशीच जायला पाहिजे असतं. ते एका जुन्या डिझायरच्या खाली झोपले होते. नुसते पाय दिसत होते. मी पायांना विचारलं.

"डिझेल न्हाई मास्तर आता," पाय म्हणाले. "ते फियाटचं १२४८ सीसीचं डिझेल होतं बघा, ह्याच गाडीत हाय. काय इंजिन! एप्रिल २०२० ला बीएस-सिक्स, धुराचा नवा नियम, आला आणि मारुतीनं ते बंद केलं." खालून पान्याचा एक आवाज आला, श्रद्धांजलीसारखा. मी म्हटलं, नवी डिझायर तीन सिलिंडरची आलीय, अमेझला अजून चार आहेत, काय करू? ते बाहेर आले, हात पुसले. "थांबलेल्या जागी तीन सिलिंडरला जरा थरथर असतीया. तुमी थांबणार कुठं? दुसऱ्या गेटात. तिथं सगळंच थरथरतंय. खरं मला एक सांगा, पावसात जांबोटीला गाडी बंद पडली तर पार्ट कुठनं आणणार?" मी गप्प. "खानापुरात ज्या गाडीचं फिल्टर आणि ब्रेक पॅड दुकानात टांगलेलं दिसतंय ती घ्या. आणि कंपनी लिटरला चोवीस म्हणत्येय न्हवं? त्यातनं पाच वजा करा, मग बायकोला सांगा."

मी ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, तोही विचारला, कारण डिझायर १६३ मिलिमीटर आणि अमेझ १७२ हे वाचून माझी झोप उडाली होती. आमच्याकडं गावोगावी लोकांनी आपापल्या मापानं हंप घातलेत. मेस्त्री म्हणाले, "नऊ मिलिमीटरनं काय होतंय? आडवं घ्या, सावकाश घ्या, आणि मागं तिघांना बसवू नका."

शेवटी डिझायर ठरली. गाड्या आपटून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपनं नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच तारे दिलेत, हे बायकोला पटलं. पार्ट मिळतो, हे मला पटलं. आण्णांना काहीच पटलं नाही, पण बिजागरीला चुकवून बुट्टी तिरकी बसते हे आईनं शोधून काढल्यावर विषय संपला. रंगावर मात्र मी ठाम राहिलो. पांढरी नको. पांढरी डिझायर घेऊन खानापूर स्टँडसमोर उभं राहिलं की मागचं दार उघडून माणूस पिशवीसकट आत बसतो आणि म्हणतो, "नंदगड, किती घेशील?" निळी घेतली.

गाडी हातात येण्याच्या दिवशी लिंबू, हार, नारळ, फोटो आणि वाटायला कुंदा. विक्रेत्यानं किल्ली देण्याआधी कानात सांगितलं, "सर, उद्या एक फोन येतोय. दहापैकी दहाच सांगा हां, नऊ दिलं तर माझं कट होतंय." मी दहा देण्याचं कबूल केलं. आईनं बुट्टी पुढं केली. "ह्याचं किती कट करायचं?"

घरी आलो तोवर गल्लीत बातमी पोचली होती. शेजारच्या काकांनी गाडीभोवती चक्कर मारली, टायरला पायानं दोन लाथा हाणल्या, किती पडली ते विचारलं, आणि मी आकडा सांगितल्यावर जास्तच पडली असं सांगून गेले. मी आत जाऊन चहाला बसतोय तोवर आत्याचा फोन.

"गाडी घेतलास म्हणं? बरं झालं. सोमवारी शाळेला एकटाच जाणार न्हवं?"

"हो, एकटाच."

"मग इदलहोंडात जरा थांब. चार पोती हायेत."