कुरकुर का किरकिर?

दसऱ्याला पंधरा दिवस असताना माझ्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला वाचा फुटली.

तसं आवाजाचं आम्हा कोल्हापूरकरांना वावडं नाही. पायताण घेतानासुद्धा दुकानातच चार पावलं टाकून ते करकर वाजतं का बघतो आणि वाजणाऱ्या जोडाला दोन पैसे जास्त मोजतो. पण पायताणाची करकर म्हणजे रुबाब, गाडीची म्हणजे मालकाच्या कंजूषपणाची दवंडी. चाक फिरायला लागलं की गाडी अशी कण्हायची, की पुढची माणसं मागं न बघताच रस्ता द्यायची. त्या पंधरा दिवसांत मी हॉर्नचं बटण एकदाही दाबलं नाही.

हद्द झाली ती गंगावेशीत. संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला थांबावं म्हणून मी गाडी म्हशींच्या रांगेजवळून नेली. एका म्हशीनं कान टवकारले, शेपटी फिरवली आणि धार बंद. खाली बसलेला गवळी चरवी धरून माझ्याकडं बघत म्हणाला, "काका, ते रडगाणं आधी लांब न्या. म्हस पान्हा चोराय लागलीया." रांगेत ग्लास धरून उभी असलेली पाच-सहा माणसं माझ्याकडं वळली. त्या नजरांपुढं दूध मागायचा धीर झाला नाही.

आता कोल्हापुरात गाडीचं दुखणं काढायचं म्हणजे डॉक्टरांची वानवा नाही, पेशंटच अपुरे पडतात. शेजारचे तात्या म्हणाले, "कुरकुर वाजतंय का किरकिर? ते आधी ठरवा. कुरकुर असंल तर बेरिंग, किरकिर असंल तर ब्रेकचे शू." मेव्हण्याच्या कानाला ती चरचर वाटली, म्हणजे मडगार्ड घासतंय. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं चुना लावता लावता 'कुई-कुई' असं निदान केलं आणि एक्सल बदलायला सांगितला. मराठीत आवाजांना इतके शब्द आहेत याचा शाळेत अभिमान वाटायचा. आता प्रत्येक शब्दामागं एकेक स्पेअरपार्ट उभा दिसायला लागला.

मी स्वतःच उपचार केला, तो सांगायला लाज वाटते. रात्री गुपचूप ड्रमच्या फटीतून खोबरेल तेल सोडलं. सकाळी आवाज होता तसाच, ब्रेक मात्र गेला. मिसळीच्या दुकानासमोर पुढचा ब्रेक दाबला, तर गाडी संथपणे पुढं जात थेट बाहेरच्या बाकाला जाऊन टेकली. बाकावरच्या माणसानं कट सांडू न देता पाय वर घेतले आणि शेजारी सरकून मला जागा केली. आलोच होतो, मग मीही एक मिसळ मागवली.

शेवटी उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींकडं गेलो. वय साठीच्या पुढं, कानावर बिडी. मी म्हणालो, "आधी कुरकुर होती, आता जरा किरकिरीकडं झुकलीय." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की पुढचं वर्णन मी गिळलं.

"मेन स्टँडवर घ्या. आता मागं कॅरिअरवर बसा."

"मी?"

"मग पुढचं चाक कसं उचलायचं?"

माझं ब्याण्णव किलो वजन आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडलं. चाक अधांतरी झालं. मेस्त्रींनी ते हातानं फिरवलं, ब्रेक किंचित धरला. आवाज तोच. शू निर्दोष सुटले. चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडं हलवलं. खेळ नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एक्सलला लावून मूठ कानाशी धरली, डॉक्टर छाती तपासतात तशी, आणि मला म्हणाले, "श्वास रोखा." रोखला. कॅरिअर माझ्याखाली कुरकुरत होतं.

बेरिंगही सुटलं. मग त्यांनी ड्रमपाशी हात घालून मीटरची केबल सोडवली आणि चाक पुन्हा फिरवलं. शांत! केबल जोडली, पुन्हा तेच रडगाणं.

"पावसात पाण्यातनं गाडी घातली असणार. ग्रीस धुऊन गेलंय. आतली तार कोरडी घासतीया. चाकापाशी फिरती आणि मीटरपाशी बोंबलती, मग आवाज कुठला ते कळणार कसं? मीटरचा काटा थरथरत हुता का?"

थरथरत होता. तीस आणि पन्नासच्या मध्ये तो महिनाभर नाचत होता, आणि मी माझ्या हाताला कंप सुटलाय म्हणून बायकोला न सांगता बीपी तपासून आलो होतो.

हाताखालच्या पोरानं तार ओढून काढली, रॉकेलच्या डब्यात घोळवली, ग्रीस चोपडत म्हणाला, "म्हंजे काका, तुमचा खरोखरचाच काटा किर्रर्र हुता की!" मेस्त्री हसले, बिडी कानावरून पडली. ड्रम उघडून खोबरेल पुसताना मात्र ते हसले नाहीत. ब्रेकचे शू पॉलिश पेपरवर घासत एवढंच विचारलं, "ह्यो वास कसला?" मी दुसरीकडं बघितलं. तेल मुरलेलं होतं, शेवटी शू नवेच टाकले.

केबलच्या ग्रीसचे पन्नास, बाकी सगळं खोबरेलाचं. गाडी चालवून बघितली. आवाज नाही, काटा सरळ. इतकी शांतता, की हॉर्न वाजवायची आठवण करून घ्यावी लागली.

पैसे द्यायला गाडीवरून उतरलो आणि मेस्त्रींकडं चालत निघालो. कर्र, कर्र, कर्र.

मेस्त्रींनी मान खाली घालून माझ्या पायांकडं पाहिलं.

"ह्ये बी काढून बघू का?"