जुन्या जर्मन सेडानबद्दलच्या माझ्या पोस्टचा खुलासा

'दिल्लीची जुनी डिझेल बीएमडब्ल्यू ३२० डी स्विफ्टच्या भावात घ्या, ऑइल बदलत राहा, खर्चही स्विफ्टइतकाच' हा फिरणारा मजकूर माझाच. पहिला भाग खरा आहे. दिल्लीत २०१५ मध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश आला, तेव्हापासून त्या स्वस्तात निघू लागल्या. खर्चाचं मात्र मी चुकीचं लिहिलं.

गेल्या आठवड्यात म्हापशाला एका मित्राची गाडी लिफ्टवर पाहिली, तेव्हा मेकॅनिकने खालून बोट दाखवलं. या बीएमडब्ल्यूच्या २००७ नंतरच्या एन४७ इंजिनात टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या आतल्या भागांची हालचाल जुळवून ठेवणारी साखळी, मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. चेन झिजणं हा या इंजिनाचा जगजाहीर दोष. ती बदलायची तर गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं, म्हणजे चेन स्वस्त आणि मजुरी महाग. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) प्लॅस्टिकची टाकीही वयाने ठिसूळ होते. त्या गाडीची तर पिवळी पडून कडेला तडकली होती.

ऑटो गिअरबॉक्सचं ऑइल 'आयुष्यभराचं' असंही मी लिहिलं होतं. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ते बदलायला सांगते.

शिवाय दिल्लीची गाडी इथे आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणून गोव्याचा रोड टॅक्स भरावा लागतो, १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण वेगळं. गाडी चालवायला झकास आहे, हे मात्र मागे घेत नाही!

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका. कुणाला पाठवला असेल तर हा खुलासाही पाठवा.