ओलं, सुकं आणि बंड्याची वाळू

कालचीच गोष्ट आहे, राग अजून उतरलेला नाही. हातात बंड्याच्या वाळूची गाठ मारलेली पिशवी, आणि चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली तर आत सोसायटीचे सेक्रेटरी.

"वहिनी, पिशवीत काय?"

"वाळू."

"म्हणजे घरात काम काढलंय? एनओसीचा अर्ज आला नाही माझ्याकडे. डिपॉझिटही नाही. आणि डेब्रिज लिफ्टमधून न्यायचं नाही, बोर्ड लावलाय खाली."

"मांजराची वाळू आहे, काका. आमच्या बंड्याच्या शी-शूच्या डब्यातली."

काकांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पिशवीकडे. निवृत्त होईपर्यंत बँकेत चेकवरच्या सह्या ताडून पाहायचे, ती नजर शाबूत आहे. लिफ्टचा दरवाजा त्यांनी धरून ठेवलेला, त्यामुळे लिफ्टमधली रेकॉर्ड केलेली बया एकीकडे 'कृपया दरवाजा बंद कीजिये' आळवतेय.

"मग हे ओलं की सुकं?"

"वेगळं गुंडाळलंय, काका."

"वेगळ्याला डबा नाही. हिरवा ओल्याचा, निळा सुक्याचा. आता वाळू म्हणजे सुकं. पण आत जे आहे ते..." सभ्य शब्द सापडेना. "ते द्रव. म्हणजे ओलं. पण वाळूने शोषलं म्हणजे परत सुकं. विषय मीटिंगला घ्यावा लागेल." मग एकदम उदार झाले. "नाहीतर खतखड्ड्यात टाका की! शेण चालतं, मग हे का नाही?"

मांजराच्या शीतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी जाऊ शकतो, गरोदर बाईच्या बाळाला त्याचा धोका असतो, आणि गच्चीवरची काकांची मेथी त्याच खतावर वाढते, हे सांगितल्यावर दरवाज्यावरचा हात सुटला. "मग फ्लश करा ना, इतकी सोपी गोष्ट!" एवढं बोलून ते पहिल्या मजल्यावर उतरले. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने हे सुचवावं! वरच्यांनी फ्लश केलेलं तुंबून आधी कुणाच्या घरात वर येतं?

गोळे होणारी वाळू म्हणजे बहुतेक वेळा बेंटोनाइट, कच्छच्या जमिनीतून निघणारी चिकणमाती. पाणी लागलं की ती फुगते आणि घट्ट गोळा धरते. डब्यात तिला याच गुणासाठी ठेवायचं आणि पाइपात याच गुणासाठी सोडायचं नाही. थर दोन ते तीन इंच हवा. कंजूषपणा केला की ओल तळाला पोचते, तिथे सिमेंट जमतं आणि मग उलथनं घेऊन खरवडत बसा. गोळे रोज काढायचे, दोनदा काढलेत तर उत्तम. टॉक्सोप्लाझ्मा शीतून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस घेतो, त्यामुळे रोजच्या सफाईत माणसाचाही फायदा आहे. पावसाळ्यात वाळूची उघडी पिशवी मुंबईची हवा पिऊन दमट होते, गोळे भुसभुशीत पडतात. झाकणाच्या डब्यात भरून ठेवा.

पुस्तकी नियम असा, की जितकी मांजरं त्याहून एक डबा जास्त. एका बोक्याला दोन संडास. वन बीएचकेत चार माणसांना एक, त्यावर रोज सकाळी कुंभमेळा, आणि या महाराजांना दोन! शिवाय जागा शांत हवी, जेवणाच्या ताटलीपासून लांब. ग्रिलच्या गॅलरीत ठेवला तर पाऊस येतो. वॉशिंग मशीनशेजारी ठेवला तर ऐन बसलेल्या वेळी स्पिन सुरू होतं, तो दचकतो, आणि पुढल्या खेपेला तुमची गादी निवडतो. डबा मांजराच्या लांबीच्या दीडपट असावा. झाकणवाले महागडे डबे आणि लव्हेंडरची वाळू हे सगळं आपल्या नाकासाठी. आत कोंडलेला वास त्यालाच घ्यावा लागतो. धुण्याचं मोठं टब आणा.

गादीवर झालंच तर फिनाइल ओतू नका. फिनॉलवर्गीय रसायनं मांजराच्या यकृताला नीट निपटता येत नाहीत. अमोनिया असलेला क्लीनर तर नकोच, त्याचा वास मुतासारखाच, म्हणजे आपण होऊन पाटी लावल्यासारखं. एन्झाइमवाला क्लीनर ओतून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा. आणि बोका डब्यात पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय, पण थेंब येत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट बघायची नाही. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

आता उलटी. पहाटे तीनला घशातून 'हुक, हुक' सुरू होतं. घरभर लादी पसरलेली असताना हा प्राणी त्याच अवस्थेत चालत येतो आणि गोधडी गाठतो. यावर अख्ख्या बिल्डिंगचं निदान एकच: केस गिळले असतील. केसांची लडी अधूनमधून पडते, मान्य. पण आठवड्याला उलट्या होत असतील तर तेवढ्यावर सोडून देऊ नये. पोट आकसून, जोर लावून आलं ती उलटी. खाल्ल्या खाल्ल्या जोर न लावता अख्खे दाणे नळीच्या आकारात परत आले तर तो बकाबका खाण्याचा प्रताप असू शकतो, दाणे पसरट ताटलीत पसरून द्या. खाणं बदलायचं तर सात-दहा दिवसांत जुन्यात थोडं थोडं मिसळत. शेजारच्या आजी "दूध पाज, पोट थंड होईल" म्हणतात. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, मग उलटीला जुलाबाची जोड मिळते. माणसाची पॅरासिटामॉल तर विषच. फुलदाणीतली लिली चावली असली तरी मूत्रपिंडं जाऊ शकतात, लगेच डॉक्टर गाठा. मोठं मांजर दिवसभर उपाशी राहिलं तरीही.

आमच्याकडे त्यासाठी परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, जनावरांचं, १८७४ साली स्थापन झालेल्या प्राणिरक्षण संस्थेचं. पण कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिला प्रश्न ठरलेला: उलटी कधी झाली, किती वेळा, फेस होता की खाणं, फोटो काढलात का? म्हणून पुसायच्या आधी फोटो. परवा नणदेने भाचीच्या साखरपुड्याचे फोटो दाखव म्हणून माझा फोन घेतला, आणि पिवळ्या फेसापासून पुढे सरकायलाच तयार नाही. "ही कुठली आमटी?" म्हणाली.